उलथन्यानं उपटलेली वजनं

प्रिय दाजी,

खरं तर तुमच्या वर्षश्राद्धालाच लिहायला हवं होतं. त्या दिवशी पंगतीत सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते आणि मीही मान हलवत होतो. पण पत्र लिहितोय आज, कारण आज सकाळी माझ्या दुकानात तुमची एक लबाडी उघडी पडली. आणि ती उघडी पडली कोणासमोर? तुमच्या बायकोसमोर, माझ्या आक्कासमोर!

रागावू नका. रागवायची पाळी खरं तर आमची आहे.

तुम्ही गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली होती. पूनमला आता पाटोद्याला नोकरी लागलीय. तिला रोज जायला-यायला बापाचीच गाडी हवी. लेक कोणाची! गेल्या आठवड्यात तिनं ताडपत्री ओढली, बॅटरी बदलली, सेल मारला आणि आक्कानं घर डोक्यावर घेतलं. "ती गाडी दारात नको. भंगारात घाला." कारण विचारलं तर उठून आत गेली. जेवणसुद्धा टाकलं. पूनमनं मला फोन केला, "मामा, आई माझं ऐकंना. तूच बघ."

मला वाटलं, तुम्ही शेवटचे त्याच गाडीतून गेलात, म्हणून ती तिला डोळ्यांसमोर नको असेल. मी तसं समजावून आलो.

भंगारात म्हणे! आठवतं ना, ती भंगारातूनच तर आली होती. कारखान्याच्या कोणा माजी संचालकाच्या पोरानं हौसेनं आणलेली रेसची गाडी, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बसकी. पोरगं परदेशी गेलं आणि गाडी कारखान्याच्या शेडमध्ये कबुतरांच्या ताब्यात गेली. तुम्ही तिथं वर्कशॉपला टर्नर. येता-जाता तिच्याकडे बघत बघत एक दिवस घेऊनच आलात. गावानं पहिला प्रश्न काय विचारला? "ह्याच्यात कडब्याच्या पेंड्या किती बसत्यात?"

मग तो दुष्काळ पडला. उभा ऊस चारा म्हणून छावणीला गेला, गाळपाचा बॉयलर पेटलाच नाही. तुमचं लेथ मशीन बंद, आणि उसाच्या ट्रॉल्या नाहीत म्हणून कडा गावातलं माझं टायरचं दुकानही बंद असल्यासारखंच. सगळा गाव टँकरची वाट बघत होता आणि तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून पोत्यात बांधून काय आणलंत? रेसिंगची चार चाकं!

"दाजी, ह्या चाकांवर टँकर चालतो का?" मी चिडवलं होतं.

"मेहुणे, तुमी ट्रॅक्टरची पंक्चरं काढा. गप जॅक लावा," तुम्ही म्हणालात.

बोल्टाची भोकं जुळली, पण चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल उंचवट्यापेक्षा, मोठं निघालं. मी म्हटलं, बोल्ट आवळले की झालं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काय मी देवाला शिवी दिली! "चाक बोल्टावर लटकत नसतंय रे. ते हबवर बसाय पायजे. मधी फट ऱ्हायली की जल्मभर जरा बाजूलाच फिरनार." मग साहेबांना विचारून तुम्ही बंद पडलेल्या लेथवर ती फट भरायला ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातल्या. हबवर तळव्यानं नुसतं दाबलं की रिंग टक करून बसायची. तो आवाज ऐकायला तुम्ही ती परत काढायचे आणि परत बसवायचे. मी हसायचो. आज कुठून तरी तो आवाज ऐकू यावा असं वाटतं.

पुढं वळणावर टायर मडगार्डला घासायला लागलं. तुम्ही मडगार्डची कड आतून वळवली. आणि चाकं बॅलन्स करायला, म्हणजे फिरताना हादरू नयेत म्हणून कडेला छोटी वजनं लावायला, माझ्याच दुकानात आलात, पण माझ्याच मशीनला मला हात लावू दिला नाहीत!

गावातला पाझर तलाव तेव्हा आटलेला. लोकांनी गाळ उपसून शेतात नेला आणि खाली मुरमाचं सपाट मैदान उघडं पडलं. तुम्हाला तर रानच मोकळं सापडलं. एका दुपारी तुम्ही गाडी तलावात घातली आणि सोडली सुसाट. धुरळ्यात गाडी दिसेना, नुसता आवाज. पोरं शिट्ट्या मारत होती. बांधावर आक्का हंडा घेऊन उभी होती. तुम्ही बाहेर येऊन मोठ्या ऐटीत दार उघडलंत, तेव्हा ती हंडा बांधावरच टाकून घराकडे निघाली होती. तुम्ही ते बघितलं होतं का हो? मला वाटायचं, नाही बघितलं.

तीच गाडी तुम्ही पाण्यालाही जुंपलीत. शेजारच्या सीटवर पाण्याचे कॅन, वरून पट्टा बांधलेला. नव्या नवरीला घेऊन निघाल्यासारखे तुम्ही रस्त्यानं जायचे.

आणि मग हळूहळू तुम्ही इतके सावकाश चालवायला लागलात, की पुढल्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर तुम्हाला हॉर्न देऊन पुढं जायला लागले. मी किती चिडवलं! तुमचं एकच उत्तर, "ऐंशीच्या वर गेली की हादरती रे." आणि मग रविवारी माझ्या दुकानात येऊन परत बॅलन्सिंग. मला तर लाज वाटायची. कड्याच्या टायरवाल्याच्या दाजीची गाडी हादरते!

त्याहून एक गोष्ट मला डाचायची. तुमच्यासारखा काटेकोर माणूस, आणि अलॉयच्या, म्हणजे हलक्या धातूच्या, चाकाला बाहेरच्या कडेवर ठोकायचं क्लिपचं वजन लावायचा. कड खराब होते, मी शंभरदा सांगितलं. अलॉयला आतून चिकटवायची वजनं असतात, हे काय तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्ही मिशीत हसायचे.

आज सकाळी आक्का दुकानात आली. पूनम गाडी घेऊन मागं आली होती, सर्व्हिसिंगला म्हणून. आक्कानं पदराखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर पालथा केला. सगळी बॅलन्सिंगची वजनं!

"हे काय गं?"

"मीच काढायची," आक्का म्हणाली. "उलथन्यानं."

दाजी, मला काही कळेना. तिनं सांगितलं ते असं. एकदा एक वजन आपोआप गळून पडलं, तेव्हा तुम्ही घरी येऊन म्हणालात की गाडी हादरती, आता दुरुस्त होईस्तोवर हळूच चालवाय पायजे. आक्कानं ते बरोबर धरलं. तेव्हापासून तुम्ही चाक बॅलन्स करून आणलं, की ती स्वयंपाकघराच्या दाराकडच्या पुढच्या चाकाचं वजन उपटायची. "गाडी हादरली की त्यो मानूस हळू चालवितो. मला दुसरं काय सुचंना बाळू. तळ्यातला त्यो धुरळा डोळ्यापुढून जात न्हवता."

मला हसू यायला लागलं होतं, पण तिचं सांगणं अजून संपलं नव्हतं.

"त्या दिशी तू ह्यांना नगरच्या दवाखान्यात नेत हुतास. मी मागं ह्यांचं डोकं धरून बसलेली. गाडी हादरत हुती, तू हळू चालवीत हुतास. पोचाय उशीर झाला. आदल्या सांजंलाच मी वजन काढल्यालं. मीच मारलं रं ह्यांना."

एक वर्ष, दाजी! एक वर्ष ही बाई हे पोटात घेऊन जगली. कोणाला बोलली नाही. आणि आता लेक त्याच गाडीत बसणार म्हणून तिचा जीव जात होता.

मी सांगितलं, अगं रस्ता उकरलेला होता, नुसते खड्डे आणि खडी. ऐंशी काय, चाळीसनं जाता येत नव्हतं. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, चाकाचं हादरणं मला कळलं नसतं का? ती म्हणाली, "तू माझा भाऊ हाईस. तू असंच म्हननार."

काय करणार? मी ती वजनं गोळा करायला लागलो. आणि दाजी, तिथंच तुम्ही सापडलात. पहिली तीन-चार शिशाची, चांगली जड. बाकीची सगळी हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटेना. मी नखानं रंग खरवडला. आत ॲल्युमिनियम! तुमच्या रिंगांतून उरलेलं, कानशीनं घासून वजनाच्या आकाराचं केलेलं, वरून करडा रंग मारलेला. टायरच्या धंद्यात केस पिकले माझे, पण खोटं वजन मी पहिल्यांदाच बघत होतो.

गाडीला जॅक लावला, तेच चाक खोललं. आतली धूळ पुसली, तर आऱ्यांच्या मागं, कोणाला दिसू नयेत अशी, चिकटवलेली वजनं ओळीनं बसलेली. चाक मशीनवर चढवलं. आक्काला शेजारी उभं केलं. चाक फिरलं, थांबलं. आतल्या बाजूला शून्य, बाहेरच्या बाजूला शून्य.

"शून्य म्हंजी काय रं?" तिनं विचारलं.

"म्हंजी चाक हादरतच न्हवतं, आक्का. तू काढल्यालं वजन खोटं हुतं. खरी वजनं आतनं हायती. दाजींना सगळं ठावं हुतं."

तिनं त्या दोन्ही शून्यांवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाली, "लबाड! लई लबाड मानूस! रोज जेवताना ईचारायचे, उलथन्याचं टोक कशानं वाकलं गं?" आणि हसता हसता तिथंच टायरवर बसून रडायला लागली. तुम्ही गेल्यावरसुद्धा ती अशी रडली नव्हती. पूनमनं तिला धरलं. मी तोंड फिरवून पाना पुसत बसलो, पण मलाही आवरलं नाही.

तुम्हाला हळूच चालवायची होती, तर चालवायची. "तुझ्यासाठी हळू चालवतो" हे तीन शब्द तोंडातून निघत नव्हते का? गाडी मात्र रोज त्याच तोंडानं लावायचे, तिचा हात त्याच चाकापर्यंत पोचावा म्हणून! तुमच्या ह्या न बोलण्यानं तिचं एक वर्ष करपलं, हे मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि तरी दाजी, माझ्या बहिणीला असा नवरा मिळाला म्हणून मी आज सकाळपासून छाती काढून फिरतोय. आता ह्याचं काय करायचं?

निघताना आक्कानं डब्यात सगळी वजनं परत भरली. एक मात्र बाहेर ठेवलं, तुमच्या हातचं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तेवढं चाकाला ठोक." पूनमनं माझ्याकडे बघितलं, मी पूनमकडे. पोरगी तुमचीच. म्हणाली, "ठोक मामा. ऐंशीच्या वर गेली की लई हादरती म्हनं ही गाडी."

मी तुम्हाला शब्द देतो, दाजी. पूनमची चारही चाकं माझ्या हयातीत शून्यावरून हलणार नाहीत. आणि स्वयंपाकघराच्या दाराकडच्या पुढच्या चाकाला मी दर सर्व्हिसिंगला तुमचं खोटं वजन ठोकत राहीन. अलॉयची कड खराब होईल, होऊ द्या. आज संध्याकाळी सहज म्हणून घरी गेलो होतो, तर चाकाला वजन नव्हतं, आणि आक्का चुलीपुढं वाकलेलं उलथनं घेऊन भाकरी उलटत होती.

तुमचा मेहुणा,
बाळू