कंपनीला पाठवलेलं शुभेच्छापत्र

शिनोली,
रविवार, फेब्रुवारी २००६

प्रिय सुदर्शन,

छापखान्यातला कॉम्प्युटर बिघडलाय, असं तुझ्या आईने तुला फोनवर सांगितलं. तिला तसं सांगायला मीच लावलं. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, फक्त सध्या तो पोलीस ठाण्यात आहे. मंगळवारी, ऐन लग्नसराईत, ज्या कंपनीची कॉम्प्युटरवरची अक्षरं आपण पत्रिकांना वापरतो तिची माणसं पुण्याहून आली आणि पोलिसांना घेऊन आपल्या घोडेगावच्या दुकानात शिरली. घोडेगावचा निम्मा बाजार दारात जमला. ज्यांच्या घरातल्या बापाच्या आणि लेकाच्या, दोघांच्याही लग्नपत्रिका मी छापल्या, त्यांच्यादेखत माझ्या छापखान्याचा पंचनामा झाला. मान वर करायची लाज वाटत होती रे.

आणि त्यांना बोलावलं कुणी? मीच. हस हवं तर. आयुष्यभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून माझी बोटं काळी झाली. तू कॉम्प्युटरमध्ये ती अक्षरांची सीडी घातलीस आणि पडद्यावर असा देखणा 'श्री' उमटला, की हातातला चहा निवून गेला. तेव्हा मी पावती मागितली होती. 'आप्पा, असल्याची पावती नसते,' म्हणालास. इंजिनिअर लेकापुढे मी काय बोलणार! दर दिवाळीला आपण कागदवाल्याला, शाईवाल्याला शुभेच्छापत्र धाडतो. गेल्या दिवाळीत, पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्यावर, मी त्या कंपनीलाही एक धाडलं. त्यांच्याच अक्षरांत छापलं, खाली छापखान्याचं नाव-गाव घातलं, आणि तुमच्यामुळे आमचं काम सुंदर झालं म्हणून मनापासून आभार मानले. त्यांनी स्वतःच्या गिऱ्हाइकांची नावं तपासली. त्यांत आपण कुठेच नव्हतो.

पोलीससाहेबांनी विचारलं, सीडी कुणी दिली? तुझी पुण्यातली नोकरी डोळ्यांसमोर आली. एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतली, नाव ठाऊक नाही, असं मी धडधडीत खोटं बोललो. मग विचारलं, कॉम्प्युटर कोण चालवतं? खुर्चीत उज्ज्वला होती. तू पुण्याला गेल्यावर मी तिला कामावर ठेवलं. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली पोर, एस.टी.ने येते. सीडी हिनेच घातली असणार, असं साहेबांनी धरलं आणि मी गप्प राहिलो. नाही म्हणालो असतो, तर मग कुणी घातली, हा प्रश्न आलाच असता. गुन्ह्यात माझ्या नावाखाली तिचंही नाव लिहिलं गेलं.

वकील म्हणतात, चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे माहीत असून धंद्यासाठी वापरलं असं ठरलं, तर दंडावर भागत नाही, तुरुंगही होऊ शकतो. तिला तर सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं हेही माहीत नव्हतं. काल तिचे वडील जानकू आले. पायरीवरच बसले, आत येईनात. 'भाऊ, पोर तुमच्या भरवशावर धाडली व्हती. तिनं काय केलं, येवढंच सांगा. तिला इचारलं तर म्हणती, आप्पा सांगतील.' मी त्यांना चहा पाजला. सांगितलं काहीच नाही. स्वतःच्या नजरेत इतका मी कधी उतरलो नव्हतो.

तुझी आई म्हणते, पोराचा संसार आत्ता कुठे उभा राहतोय, गप्प बसा. मीही तेच मनाला समजावून पाहिलं, पण आता जमत नाही. म्हणून हे लिहितोय. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मी ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. सीडी तू आणलीस, हे सांगणार आहे. माझ्या खोटेपणाची जी शिक्षा होईल ती मी भोगेन. त्याआधी तू आलास तर दोघं बरोबर जाऊ, आणि तुझं तूच सांग. नाही आलास तर तुझं नाव मला घ्यावं लागेल. बापावर तेवढी वेळ आणू नकोस, बाळा.

तुझाच,
आप्पा