दुसऱ्याच्या शेडमध्ये

बाबा, तुझी नात कापड शिकायला जर्मनीला गेली. ती जन्मायच्या आधीच तू गेलास, तुम्ही एकमेकांना पाहिलंही नाही. पण ती गेली ती तुझ्याच जोरावर, म्हणून हे तुला लिहिते आहे. लिहायला जुन्या डायरीची उरलेली पानं घेतली, नवी वही मोडली नाही.

दादाचा विरोध होता. शेलार गावातल्या आपल्या मागाच्या शेडमध्ये लूमच्या खडखडाटात ओरडून म्हणाला, "बाय, कापड शिकायला भिवंडीतून कोण बाहेर जातंय काय? उद्या भात खायला पण परदेशी धाडशील!" कामगार हसले. ह्यांनाही ते पटल्यासारखं दिसलं. आणि मला तू आठवलास. घरचे चार लूम असताना तू दादाला धामणकर नाक्याला दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला घातलं होतंस. आपल्यात तशी रीतच होती, मालकाच्या पोराने आधी परक्या शेडमध्ये शिकायचं. आई रागावली तेव्हा तू भाकरी मोडत म्हणालास, "घरात त्याला चुकलास म्हणून कोन सांगेल? समदे मालकाचा पोर म्हणून गप बसतील." मी दादाला तेवढंच विचारलं, "तुला बाबाने नाक्यावर का धाडलं होतं?" तो लूमवरचा तुटलेला धागा जोडायला वाकला. मग म्हणाला, "तिकडं थंडी हाय. पोरीला जाड गोधडी दे."

मला मात्र तू कुणाच्याच शेडमध्ये पाठवलं नाहीस. मॅट्रिक झाले तेव्हा गावदेवीला पेढे ठेवलेस, माझ्या पाठीवरून हात फिरवलास, आणि कॉलेजचं नाव काढलं तर म्हणालास, "आता घरचं शिक." शिकले. हिशेब चोख ठेवते, काही वाया जाऊ देत नाही, देवाचं चुकवत नाही. पण तुझं हे चुकलं आणि ते अशाने चुकलं, असं समजावून सांगणारं परकं माणूस मला कधी भेटलंच नाही. घरची माणसं नुसती चिडतात, ते वेगळं. पोरीला तरी ते भेटावं, एवढंच माझ्या मनात होतं.

परवा सांजवात लावत होते आणि तिचा फोन आला. रडत होती. वर्गात तिने स्वतः विणलेला नमुना दाखवला, तर सरांनी विचारलं, वीण अशीच का? ही म्हणाली, आमच्याकडे अशीच करतात. हे उत्तर नाही, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. "आई, मी परत येऊ?"

तिचं ऐकताना तो जुना दिवस डोळ्यांपुढे आला: पोरसवदा दादा दारात उभा आहे, डोळे सुजलेले. नाक्यावरच्या मुकादमाने त्याने तुटल्या धाग्याला मारलेली गाठ कापून टाकली आहे, "घरची गाठ घरी ठेव" म्हणून. तू आईला ताट वाढायला सांगतोस. तो जेवतो, हात धुतो, आणि तू चपला घालून त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत जातोस.

मी विचारलं, "जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेव. मग बसून शोध, अशीच का ते. उद्या जाऊन सरांना सांग."

"मला माहीत नाही ना आई, अशीच का!"

"म्हणून तर गेलीस."

रडता रडता हसली. "तू पण ना!" म्हणाली आणि फोन ठेवला. वात तोवर विझली होती, ती पुन्हा लावली.

दादाला पोचवून आल्यावर त्या दिवशी तू लूम चालू केला नाहीस. बाजेवर बसून राहिलास. मी आणलेलं पाणीही घेतलं नाहीस. मला वाटलं, दादावर चिडला आहेस. आता कळतं. पण तुला निदान नाक्यापर्यंत तरी जाता आलं, बाबा.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? डायरी देवघराखालच्या फळीवर ठेवते आहे. दादाला, ह्यांना, सगळ्यांना मी खंबीर वाटले. तुला म्हणून सांगते, "जेवलीस का" हे मी विचारलं, कारण तोंडात "ये" आलं होतं आणि ते गिळायला मला थोडा वेळ हवा होता.