वाकडी करंगळी

कोरफळवाडी
ता. ७ ऑगस्ट १९५७

ती. अण्णांस,
चारुशीलेचा सा. न. वि. वि.

तुम्ही ट्रंकेच्या तळाशी गुपचूप ठेवलेली निरगुडीची छडी सापडली. धन्य आहे तुमची! मुलगी पहिल्या नोकरीवर निघाली की लोक लाडू देतात. मी ती घडवंचीमागं फेकून दिली.

छडीचा तोटा इथं मुळीच नाही. आमचे हेडमास्तर दत्तोपंत तिसरीला मराठी शिकवतात, म्हणजे बडवतात. काल गौरा म्हणून एक पोर, वीरभद्र गवंड्याची, त्यांना एवढंच म्हणाली की गुरुजी, तुम्हीच एकदा धडा वाचून दाखवा. त्यांनी तिचा उजवा हात मेजावर दाबला आणि वरून रूळ हाणला. हाड मोडलेलं मला शेजारच्या वर्गात ऐकू आलं. पोर ओरडलीसुद्धा नाही, नुसता परकर ओला झाला.

अख्ख्या शाळेत हुशार म्हणावी तर हीच. ही परत आली नाही तर मी इथं कुणासाठी शिकवू? तुम्ही अठ्ठावीस वर्षं शाळेत काढली, सांगा मी काय करू.

आईला नमस्कार. पाठीवर हात असू द्यावा.
तुमची चारू


तुळजापूर
ता. ११ ऑगस्ट

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोरीचा हात मोडला हा कसूरच झाला. पण म्हणून छडीच्या नावानं खडे फोडू नकोस. गोड बोलून विद्या येत असती तर देवळापुढची कबुतरंसुद्धा पास झाली असती. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांच्या डोक्यात मी निजामाच्या राज्यात उर्दू घातली, ती काय पेढे वाटून?

हा दत्तोपंत म्हणजे आमचा दत्तूच असणार. इम्तिहानात पहिला यायचा. त्याला माझा आशीर्वाद सांग आणि नसत्या भानगडीत पडू नकोस, तुझी नोकरी अजून कच्ची आहे. आई लिंबाचं लोणचं पाठवते आहे. बरणी तू नेहमीप्रमाणं विसरशीलच.

खुशाली कळवत जा, म्हातारी वाट बघते.
अंबादास


कोरफळवाडी
ता. २० ऑगस्ट

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद सांगितला. त्यावर गुरुजींनी डावा हात पुढं केला. करंगळी वाकडी आहे. उर्दूचा सबक अडला म्हणून तुम्ही रुळानं मोडली होती, म्हणाले.

काल तर कहरच झाला. वीरभद्र भर वर्गात शिरला, गुरुजींना खुर्चीवरून खाली ओढलं आणि हातातल्या थापीनं तोंडावर, डोक्यावर मारत सुटला. दोन दात पुस्तकावर पडले. पोरं किंचाळत बाहेर पळाली. मी मधे पडले, तर एक फटका मला बसला. खांदा अजून वर होत नाही. गुरुजींनी मात्र स्वतःला वाचवायलासुद्धा हात उचलला नाही.

मग वीरभद्रानं ते पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं आणि पोरीनं मागितलेलं पान वाच म्हणाला. रक्तानं भरलेल्या तोंडानं गुरुजी अक्षराला अक्षर जोडत राहिले. तिसऱ्या ओळीला थांबले आणि ढसाढसा रडले. अहो अण्णा, त्यांना मराठी धड वाचताच येत नाही! शिकले सगळं तुमच्या उर्दूत. आता राज्य बदललं आणि सरकारनं हे पुस्तक हातात दिलं. एखादं पोर वाचायला सांगेल या धाकानं ते आधीच मारत सुटायचे.

वीरभद्राची थापी खाली आली. जाताना म्हणाला, मास्तर हे पान न अडता वाचंल त्या दिवशी पोरगी पाठवतो, तोवर न्हाय. गुरुजींनी फिर्याद दिली नाही. गौराची बोटं थोडी हलतात. डाव्या हातानं ती घरच्या भिंतीवर कोळशानं लिहिते.

मी शिकवते म्हटलं गुरुजींना. ते म्हणाले, शिकायचं तर माझ्या मास्तरांकडूनच. मला तुमचा फार राग आलाय, लपवत नाही. तरी याल का?

रागातही तुमचीच,
चारू


तुळजापूर
ता. २४ ऑगस्ट

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईनं वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दत्तूची करंगळी मला आठवत नाही. दोन दिवस डोकं खाजवतोय, तरी आठवत नाही, आणि याचीच जास्त लाज वाटते.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. दत्तूला सांग, रोज शाळेआधी तासभर बसू. घडवंचीमागची छडी काढ आणि मी यायच्या आत चुलीत घाल.

एक मागणं आहे. बापानं लेकीकडं मागू नये, पण मागतो. दत्तू वाचताना अडखळला की माझा हात उठणार. जन्माची खोड आहे, कबूल करून जायची नाही. तेव्हा तू माझ्या उजव्या अंगाला बस आणि माझा हात घट्ट धरून ठेव. तो पान पुरं करीपर्यंत सोडू नकोस. मी ओरडलो तरी सोडू नकोस.

अंबादास