यंत्र बंद पडल्याबद्दल

महाड, कंपनी कॉलनी
रविवार, १७ जानेवारी १९८८

चि. श्रीपत यास,
ताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर गेलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. दिवाळीनंतरचं पत्र माझ्या रोजनिशीत घडी घालून पडलं होतं आणि सहामाहीच्या पेपरांचं कारण मी स्वतःला देत राहिले. पेपर नोव्हेंबरातच तपासून झाले होते. उशिराचं खरं कारण राग. तो गेला म्हणून हे पत्र लिहायला बसले, असं मात्र समजू नकोस.

तुळसा आणि मुलं खुशाल असतील. गुजरातचं पाणी धाकटीला मानवलं का, ते कळव. माझ्याकडे पोलादपूरला थंडी बरी आहे. शाळेचं गॅदरिंग पार पडलं. नाते गावी यंदा वाल चांगला धरलाय, असा काशीबाई आत्याचा निरोप होता. आईच्या प्रकृतीचं पुढे लिहिते.

तू विचारलंस, ते हवेचं यंत्र का बंद पडलं. शेजारच्या सुंदराबाईंच्या मिस्टरांनी तिकडे मीटिंगला आले असताना तुला सांगितलं आणि तू काय काय तपासायचं ते लगेच लिहून पाठवलंस. त्याप्रमाणे सगळं पाहिलं. फ्यूज शाबूत आहे. त्या जर्मन साहेबाच्या यंत्राची पिन आपल्या बोर्डात ढिली बसायची, ती काशीराम वायरमनने तू असतानाच बदलली होती, ती चांगली आहे. करंट पुरेसा येतो. शेवटी काशीरामलाच बोलावलं. त्याने मागचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. कागदाचा ओला लगदा होता, वर जळकट वास.

“बाई,” तो म्हणाला, “ह्याला आंघोळ कुनी घातली?”

मोटर जळली आहे. आईने फिल्टर धुतला आणि पुरता न सुकवता परत बसवला. यंत्र काही दिवस कण्हत चाललं, मग थांबलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तू एवढंच विचारलं होतंस. पण फिल्टर तिने का धुतला, ते तू विचारलं नाहीस, म्हणून ते मी सांगते.

जून महिन्यात ट्रेनिंगला जाताना तू ते यंत्र घरात मांडलंस, तो दिवस मला अजून दिसतो. कारखाना उभारून देऊन साहेब मायदेशी निघाला आणि स्वतःसाठी आणलेलं यंत्र तुला देऊन गेला, याचा तुला केवढा अभिमान होता. कारखाना उभारायला येणारा माणूस श्वास घ्यायचं यंत्र बरोबर घेऊन येतो, हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. आईने विचारलं, हे काय करतं, तर तू म्हणालास, घरातली हवा शुद्ध करतं.

“ह्या गावात मागं शुद्ध करायला शेण-गोमूत लागायचं,” आई म्हणाली. “आता करंट लागतो काय रे?”

आपण तिघं किती हसलो. तळ्याची ती हकीकत तिने तिच्या बापाच्या तोंडून ऐकलेली.

यंत्रासोबतच्या पुस्तकात फिल्टर वर्षभर टिकतो असं लिहिलंय. गणपतीच्या आतच लाल दिवा लागला. दोन जादा फिल्टर होते, त्यातला एक मी शनिवारी आले तेव्हा घातला. काढलेला फिल्टर दारात ठेवला होता. पांढरा कागद तव्याच्या बुडासारखा झालेला, मधे मधे पिवळट डाग. सुंदराबाई कपडे वाळत घालायला बाहेर आल्या होत्या.

“अगो बया, मावशी, हे तुमच्या घरातलं?”

“मशीनमधनं निघालं,” आई म्हणाली.

“आमच्याकडं पण धूळ येते, पण येवढी नाय. तुमच्यात काय काय शिजतं, त्याचा धूर असंल.”

त्या बाई वाईट नाहीत. पोलादपूरकडच्या खात्यापित्या घरातून आल्यात, माहेरी जे कानावर पडलं तेच तोंडातून निघतं.  आईने फिल्टर उचलून पदराखाली आत नेला. तुला ठाऊक आहे, आयुष्यभर हिने घर कसं ठेवलं. वाडीत असताना सुद्धा तिची भांडी उन्हात ठेवली की डोळे दिपायचे. बाहेरून येणाऱ्या कुणालाही बोट ठेवायला जागा मिळू नये, म्हणून ती भल्या पहाटे उठून सारवायची. कॉलनीतल्या या फरश्या पुसताना ती खूश असायची, कारण इथे तिच्या फरशीची बरोबरी करणारं कुणी नव्हतं.

दिवाळीला लाल दिवा दुसऱ्यांदा लागला, उरलेला फिल्टर घातला. तेव्हा मी तुला लिहिलं आणि तुझं उत्तर आलं. घरात सुकट भाजू नये. अगरबत्ती, मेणबत्ती शक्यतो लावू नये. रॉकेलचा स्टो वापरू नये. मिश्री घरात भाजू नये. केर काढताना यंत्र बंद ठेवावं. पाच सूचना होत्या, नीट आकडे घालून. त्यात कंपनीचं धुराडं नव्हतं.

तू रसायनशास्त्राचा बी.एस्सी. आहेस, श्रीपत. त्याच धुराड्याखाली तू तिन्ही पाळ्या केल्यास. पिवळा डाग सुकटीच्या धुराचा नसतो, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते. तू म्हणू शकत नाहीस.

आईने पत्र वाचून दाखवायला सांगितलं. मी सगळं वाचलं. त्या पाच ओळी गाळाव्यात असं एकदा मनात आलं होतं. पण दुसऱ्याचं पत्र वाचताना त्यात कमीजास्त करायचं नाही, हे मी पाळत आले आहे. तेव्हा ते बरोबर वाटलं. आता वाटत नाही, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी काय करीन, ते मला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून तिने एकेक गोष्ट बंद केली. आधी सुकट. मग स्टो माळ्यावर टाकला. मग बुद्धाच्या तसबिरीसमोरची अगरबत्ती गेली, पौर्णिमेची मेणबत्तीसुद्धा लावली नाही, नुसते हात जोडले. मिश्री ती परकरी वयापासून लावते, तीही सोडली. तोंडाला चव नाही, डोकं दुखतं म्हणायची, पण लावली नाही. मी तिला सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं, “आई, हे आपल्या घरातलं नव्हे, त्या धुराड्यातलं आहे. रात्री सोडतात ना, त्याचं.”

तर म्हणाली, “तू मराठीची बाई. त्याचं शिक्षान त्यातलंच हाय. तो कंपनीत हाय, त्याला नाय ठाव?”

शेवटचा फिल्टर घरात काहीही जळत नसताना काळा झाला. थंडी पडल्यावर धूर वर चढतच नाही, कॉलनीवर बसून राहतो, त्यामुळे तो आधीच्यांपेक्षा लवकर भरला. आई एकटीच होती. मी शाळेमुळे पोलादपूरला असते आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येते. ख्रिसमसच्या सुमाराला आले, तर दोरीवर लुगड्याशेजारी फिल्टर वाळत घातलेला. कपड्याच्या साबणाने धुतलेला, सगळ्या घड्या ढिल्या पडलेल्या.

“बघ गो,” ती म्हणाली, “कसा पांढरा निघाला. आता कोन काय बोलंल?”

पांढरा नव्हता, राखेसारखा होता. मी हो म्हटलं. पुढचं तुला वर लिहिलंच आहे.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

आई मंगळवारपासून सरकारी दवाखान्यात आहे. मी तार केली नाही, कारण तिने मला शपथ घातली होती की श्रीपतला कळवायचं नाही, तो ट्रेनिंग अर्धवट टाकून येईल. तू आला असतास की नाही, यावर मी या पाच दिवसांत बराच विचार केला. ते जाऊ दे. ऑक्सिजन काल काढला. बोलते, पेज घेते. जिना चढण्यासारखी ती आता होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तिला दवाखान्यात नेलं सुंदराबाईंनी. पहाटे दूध घ्यायला बाहेर पडल्या, तर आई व्हरांड्यात पथारीवर बसलेली, ओठ निळे. मिस्टरांना उठवून कंपनीची जीप काढायला लावली आणि मी पोचेपर्यंत उशाशी बसून राहिल्या. मी गेल्यावर म्हणाल्या, “बाई, मावशी डिसेंबरपासनं बाहेरच झोपतात. तुम्हाला ठाव नाय?”

मला ठाऊक नव्हतं. शनिवारी मी असले की ती आत माझ्याशेजारी झोपायची.

“मी त्या दिवशी आपलं बोलायला बोलले गो,” असंही म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, या बाई विडी ओढतात का? मी नाही म्हटलं. चुलीवर स्वयंपाक? म्हटलं, गॅस आहे, कंपनीच्या कॉलनीत राहतात. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.  जाताना एवढंच म्हणाले, परत तिकडे नेऊ नका.

काल तिला जरा बरं होतं, तेव्हा मी विचारलं, “बाहेर का झोपलीस ग? एवढ्या थंडीत, त्या धुरात?”



“सगळं बंद केलं गो,” ती म्हणाली. “सुकट नाय, बत्ती नाय, मिश्री नाय. तरी काळं ते काळंच. मग घरात उरलं कोन? मीच ना?”

“म्हणजे?”

“माझ्याच छातीतनं येत असंल. म्हातारं मानूस. म्हटलं, मी भाईर झोपते, मशीन आत सोच्छ ऱ्हाईल. पोराचं घर हाय ते.”

श्रीपत, या गावात त्यांच्या बापजाद्यांनी आपल्या बापजाद्यांच्या सावलीला काय काय म्हटलं, ते तिने सगळं ऐकलंय आणि त्यातलं एक अक्षरही कधी मानलं नाही. विहिरीवर भांडली आहे ती. सासऱ्याशी भांडून मला कॉलेजात घातलं. तिच्याकडून हे कुणालाही कबूल करून घेता आलं नव्हतं. ते तुझ्या पाच ओळींनी झालं. सुंदराबाईंचं बोलणं ती पदराखाली झाकून आत घेऊन गेली, पण ते तिने खरं धरलं नव्हतं. तुझं धरलं.

तुझी अडचण मला दिसत नाही असं नाही. आपल्यातला पहिला मुलगा त्या गेटातून ओळखपत्र दाखवून आत जातो. ट्रेनिंगनंतर शिफ्ट ऑफिसर होशील. धुराड्याचं नाव तू कागदावर लिहिलंस आणि ते कुणाच्या हाती लागलं, तर काय होईल, हे मलाही कळतं. पण पत्र आईच्या हातात येणार होतं. तिला एक ओळ पुरली असती.

आता क्वार्टरबद्दल. रिकामी दिसली तर कंपनी काढून घेईल, म्हणून तू आईला इथे ठेवलंस. ती अजूनही तेच म्हणते. आज सकाळी तिला म्हटलं, बरी झालीस की माझ्याकडे पोलादपूरला चल, माझ्या घरमालकीण बयाबाईंची मागची खोली मी बोलून ठेवली आहे. तर म्हणाली, “आनि क्वार्टर? पोरगा येईल तवा कुठं ऱ्हाईल? दोन दिसांत जाते मी परत.” नर्सला चप्पल कुठे ठेवली विचारत होती. क्वार्टर आहे तोवर ती तिकडे जाणार, हे मला पक्कं कळलं. तिला अडवून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही, तुझ्या नावापुढे माझं काही चालत नाही.

म्हणून मी क्वार्टर सोडते आहे. तुला न विचारता. हे आईसाठी करते आहे की तुझ्यावरच्या रागाने, हा प्रश्न मी दुपारपासून स्वतःला विचारते आहे. राग आहे. तो नसता तर बहुधा मी तुझ्या उत्तराची वाट पाहिली असती आणि तोवर आई परत त्या व्हरांड्यात गेली असती. तेव्हा यावेळी रागाला मी आवरत नाही. तुझं फर्निचर सुंदराबाईंच्या मागच्या खोलीत ठेवलंय, त्या स्वतःहून म्हणाल्या. तू परत येशील तेव्हा घर नसल्याबद्दल मला बोल लावशील, तो लाव.

एकच मागते. आईच्या नावाने वेगळं पत्र लिही, दोन ओळींचं असलं तरी चालेल. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवणार. तू लिहिशील तेच वाचीन. त्यात मी माझा एकही शब्द घालणार नाही, आणि तू लिहिलं नाहीस तर तसं पत्र आलंय असंही तिला सांगणार नाही. ती रोज विचारते, टपाल आलं का.

तुळसाला आणि मुलांना आशीर्वाद. तुला मात्र आज नुसतंच लिहिते,

तुझी ताई
ललिता

उद्याचं काम : कंपनीच्या ऑफिसात चावी देणे, पोच घेणे.