मागच्या कोपऱ्यातला वरचा बंक

बाबा, परवा तुमच्या नातीचा फोन आला. तिला ट्रकला जोडायचा, चाकांवरच्या घरासारखा फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचा आहे, मुलांसाठी मागे एकावर एक झोपायच्या बंकची खोली असलेला, अगदी आपण घेतला होता तसाच. तिने विचारलं, "आई, व्हॉट डू वी इव्हन लुक फॉर?" मी अर्धा तास सांगत बसले. आत शिरल्या शिरल्या आधी वास घे, कपाटं उघडून नाक आत घाल, कुबट वास आला तर पुढचं काही बघू नकोस. दाराशी आणि सिंकपाशी टाच दाबून चाल, जमीन कुठे मऊ लागते ते कळतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा कर, स्क्रू आहेत की नुसत्या पिना मारल्यात ते बघ. भिंतीवर बोटांची पेरं वाजवत जा, आवाज बदलला की थांब. छताचे कोपरे अंगठ्याने दाब. ती म्हणाली, "आई, हाउ डू यू नो ऑल धिस?" मी म्हटलं, वाचलं होतं कुठेतरी. मी हे कुठेही वाचलेलं नव्हतं. म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या वयापेक्षा माझं वय जास्त आहे, तेव्हा थोडं स्पष्ट लिहायला हरकत नसावी.

त्या उन्हाळ्यात तुम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला आमच्याकडे आला होतात. ऐंशीच्या दशकाची उतरती वर्षं. आई आदल्या हिवाळ्यात गेली होती आणि तुम्ही सहा महिन्यांसाठी म्हणून आला होतात. माझ्या मनात मात्र सहा महिन्यांचा हिशेब नव्हता, तुम्ही कायमचं राहावं असं मला वाटत होतं. विचारलं की तुम्ही म्हणायचात, "उन्हाळा जाऊ दे, मग बघू." मी त्याला होकाराची सुरुवात समजत होते. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं समर कॅम्पला आणि तुम्ही घरात एकटे. पहिल्या आठवड्यात तुम्ही घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलंत, दुसऱ्या आठवड्यात डेकच्या फळ्या ठोकून घेतल्यात आणि तिसऱ्या आठवड्यात खिडकीत उभं राहून समोरच्यांचं गवत कापणं बघायला लागलात. ते मला ऑफिसातसुद्धा डोळ्यांसमोर दिसायचं.

ट्रेलरची कल्पना तुमच्या जावयाची. त्याच्या ऑफिसातल्या एकाने आपला जुना पिकअप ट्रक विकायला काढला होता, तो आम्ही घेतला आणि आमच्या साहेबांच्या डोक्यात अख्खी अमेरिका फिरायला लागली. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मोटेलमध्ये तुमच्या पोळी-भाजीचे हाल होतात. ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर असतं, आणि बंकच्या खोलीत चार बंक: दोन मुलांचे, एक सामानाचा, एक तुमचा. ज्या घरात आपलं म्हणून एक अंथरूण असतं ते घर माणूस सोडून जात नाही, असा माझा भाबडा हिशेब. हो, भाबडाच. इंजिनिअर झाले म्हणून अक्कल वेगळी येत नाही.

तुमचं काम काय होतं हे मी मुलांना कधी नीट सांगितलंच नव्हतं. आजोबा बस बनवायचे, एवढंच त्यांना माहीत. मी चौथीत असताना एकदा तुम्ही मला कारखान्यात घेऊन गेला होतात. नवी कोरी बस लोखंडी पाइपांच्या मांडवाखाली उभी, वरून पाण्याचा मारा सुरू, आणि आत फक्त तुम्ही, मागच्या सीटवर, मांडीवर मला घेऊन. कानठळ्या बसतील असा टपावरचा आवाज. तुमची नजर छतावरून हळूहळू फिरते आहे. थेंब दिसला की तुम्ही उठता, खिशातून खडू काढता, तिथे गोल करता. दुरुस्ती झाली की पुन्हा पाणी, पुन्हा तुम्ही आत. कोरडं राहिलं तर त्या गोलावर आडवी रेघ. रेघ पडल्याशिवाय बस फाटकाबाहेर जात नसे. रिटायर झाल्यावरही तुमच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा आणि आई प्रत्येक धुण्याच्या वेळी त्यावरून बोलायची. अमेरिकेला येतानाही तो आला होता.

ट्रेलरचं दुकान हायवेला लागून होतं, पेनसिल्व्हेनियात. खडीच्या मैदानावर ओळीने उभे ट्रेलर. ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात वर जाऊन बसतो ही रचना तुम्हाला फार आवडली. वाकून, त्या जोडाखाली डोकं घालून तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक असतो ना, घोडा, त्याच्यासारखंच की. वजन पाठीवर घेतं, मागे ओढत नाही. उत्तम." मग तुम्ही एक ट्रेलर पसंत केलात: बाहेरून पन्हाळी पत्र्याचा, रंग उडालेला, आत जमिनीवर साधं लिनोलियम, पडदे विटलेले. "बांधणी चोख आहे. हा घ्या," म्हणालात. मुलांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं असेल. शेजारी दुसरा उभा होता, गुळगुळीत चकचकीत भिंतींचा, आत गालिचा, ओकच्या रंगाची कपाटं, मागे बंकची सुरेख खोली, प्रत्येक बंकला स्वतःचा दिवा. मुलगा शिडी चढून कोपऱ्यातल्या वरच्या बंकवर जाऊन पसरला. "आय कॉल धिस वन!"

तुम्ही कामाला लागलात. गालिच्याचा कोपरा उचलून पाहिलात, कपाटात डोकं घातलंत, भिंत वाजवलीत. सेल्समन टोपीवाला, गोल पोटाचा, हसरा माणूस होता, तो कौतुकाने बघत होता. तुम्ही नातवाला खाली उतरवलंत, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून छताचा कोपरा दाबलात आणि कारखान्यातल्या तुमच्या इंग्रजीत म्हणालात, "मिस्टर, वॉटर इज कमिंग हिअर."

"दॅट्स जस्ट अ शॅडो, सर."

"शॅडो इज नॉट सॉफ्ट," तुम्ही म्हणालात, खिशातून खडू काढलात आणि गोल केलात. मग दाराजवळच्या भिंतीवर दुसरा. तिसरा त्या ओकच्या कपाटावर. दुसऱ्याच्या मालावर, गिऱ्हाईक म्हणून आलेलो असताना. सेल्समनचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला ते सगळं परकेपण दिसलं जे मी दहा वर्षं ऑफिसात कोणाला दिसू नये म्हणून धडपडत होते. मी पर्समधून टिश्यू काढला आणि पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "बाबा, पुरे आता. इथे तुम्ही इन्स्पेक्टर नाही आहात. इथे असं करत नाहीत." मराठीत म्हणाले खरं, पण स्वर काय भाषेचा असतो? तुमचे जावई म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. बाबा म्हणताहेत तर तो दुसरा परत एकदा बघू." मी म्हटलं, "मला नाही बघायचा." कोपऱ्यातला गोल पुसताना माझा अंगठा किंचित आत गेला होता. प्लायवूड आहे, एवढं तेवढं दबायचंच, असं मी मनाशी म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात, खडू खिशात ठेवलात आणि बाहेर ट्रकपाशी जाऊन उभे राहिलात. तो चकचकीत ट्रेलर आम्ही घेतला.

पहिलीच फेरी स्टेट कॉलेज या गावाची होती. मी जिथे शिकले, जिथे चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहून बसच्या वेळा पाठ करत होतो, ते तुम्हाला दाखवायचं होतं. तिथल्या डोंगरातल्या कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अंथरुणं घालताना तुम्ही अचानक म्हणालात, "कोपऱ्यातला वरचा मला." मुलगा रडायच्या बेतात. "बट आजोबा, दॅट्स माइन!" तुमचे जावई म्हणाले, "अहो बाबा, शिडी चढायची आहे. कशाला? खालचा तुमच्यासाठीच ठेवलाय." तुम्ही म्हणालात, "जन्म बसच्या टपावर चढण्यात गेला माझा, जावईबापू. मला शिडी शिकवता?" सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं, दुकानातलं मनात धरून बसलेत आणि आता पोराशी हट्ट करताहेत. मुलगा रुसून खाली झोपला, आणि रात्रभर पाऊस झाला.

सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी उठून, जुलै महिन्यात हाफ स्वेटर घालून टेबलाशी बसला होतात. मी चहा ठेवला. विचारलं, "झोप लागली ना?" तुम्ही म्हणालात, "छान लागली." मी म्हणाले, "बघा, उगाच घाबरवत होतात. चांगली निघाली की गाडी." तुम्ही म्हणालात, "हो, चांगली आहे." दिवसभर कॅम्पसवर माझ्याबरोबर हिंडलात, माझी लॅब बाहेरून पाहिलीत, दोनदा शिंकलात. परतताना गाडीत म्हणालात, "सप्टेंबरचं तिकीट करून टाका." मी विचारलं का. "इथे माझं काही काम नाही गं," एवढंच म्हणालात, रागाने नाही, बिजागऱ्यांना तेल घालून झालं आहे हे सांगावं तसं. सप्टेंबरमध्ये तुम्ही परतलात आणि पुढच्या मार्चमध्ये तिकडेच गेलात. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

ट्रेलर आम्ही आणखी बरीच वर्षं वापरला. छताला सील केलं, कोपरा बदलायचा राहून गेला. मुलं कॉलेजला गेल्यावर तो विकायला काढला, तेव्हा पुसापुशी करायला मी पहिल्यांदा त्या वरच्या बंकवर चढले आणि आडवी झाले. नाकापासून हातभर अंतरावर, तपकिरी डागाभोवती, खडूचा गोल होता. बांगडीएवढा, तुमच्या हातचा, नीट जुळलेला. मी पुसलेला तो पुसलाच गेला होता, हा नंतरचा. त्यावर रेघ नव्हती. घ्यायला आलेल्या माणसाला मी शिडीवर चढवून तो दाखवला, म्हटलं, इथे गळत होतं. त्याने दाबून पाहिलं आणि विचारलं, खूण कोणी केली. "माय फादर," मी म्हणाले, "ही वॉज अ‍ॅन इन्स्पेक्टर." तो म्हणाला, बरोबर जागी केली आहे.

आता मुलगी शनिवारी ट्रेलर बघायला जाणार आहे, मलाही चल म्हणते. जाईन. तिला काय सांगायचं ते सगळं तुमचंच आहे, हे तिला सांगेन. हे पत्र मात्र तिला दाखवणार नाही आणि पाठवायला तर पत्ताच नाही, चेकबुकांच्या खणात राहील. एक गोष्ट तेवढी वर लिहिली नाही. त्या सकाळी चहा ठेवायच्या आधी मी मागच्या खोलीत मुलांना उठवायला गेले होते. तुमची चादर घडी करून उशीखाली सारली होती आणि तिचं टोक बाहेर लोंबत होतं. मी ते हातात घेतलं. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. खाली मुलगा कोरड्या अंथरुणात शांत झोपला होता. मी ते टोक होतं तसं सोडलं, बाहेर आले, आणि मग तुम्हाला विचारलं, झोप लागली ना.