तीसपर्यंतचे आकडे आणि तुझ्या तीन कड्या

माझ्या मुलाजवळ तू म्हणालास म्हणे, "ताईला या वयात माणसं जिवंत करायचा नाद लागलाय, आधी स्वतःचे गुडघे जिवंत कर म्हणावं." गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन. भावाने बहिणीला हसायचंच असेल तर तोंडावर हसावं, भाच्याच्या आडून नव्हे. हे झालं. आता धाकट्या, आशीर्वाद घे. तुझा खोकला, तुझी हलणारी दाढ आणि छातीतली ती कळ (जी तुझ्या मते नुसता वात आहे) यांची खुशाली कळव. इकडे सगळे बरे. सून तोंडाळ आहे ती आहेच.

तर ऐक. सुनेच्या कारखान्यात एका नर्सबाईने शिकवणी ठेवली होती, घरचं एक माणूस आणलं तरी चालेल म्हणाले. घरात रिकामी मीच. जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीला सारून जमिनीवर एक रबरी माणूस निजवला होता. हात नाहीत, कमरेखाली काही नाही, अंगावर चिंधी नाही. मी त्याच्यावर माझी शाल घातली, तर नर्सबाई म्हणते, आजी, छाती उघडी हवी. मग म्हणाली, खांदे हलवून हाक मारा. मी आपलं पत्रात लिहितात तसं विचारलं, प्रकृती कशी आहे, घरची मंडळी बरी ना, बऱ्याच दिवसांत काही कळलं नाही. "आजी," ती म्हणाली, "एवढ्या वेळात तो गेला." सगळे हसले. मी नाही हसले. कारण पुढे तिने सांगितलं, काळीज थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदू मरायला लागतो. मला सुईत दोरा ओवायला त्याहून जास्त लागतात (तेही चष्मा सापडला तर).

आणि त्यावर उपाय काय, तर आपलेच दोन तळहात! छातीच्या मधोमध एकावर एक ठेवायचे, कोपर ताठ, आणि छाती चांगली दोन इंच खाली जाईल असं भराभर दाबायचं. तीसदा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, की पुन्हा एकपासून. (पहिल्यांदा मी पोट दाबलं. सून सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते.) मला दुसरीतून काढलं, तुला सांभाळायला काढलं, हे तुला ठाऊक आहे. गुरुजी म्हणायचे, हिला तीसच्या पुढे येत नाही. आता बघ, माणूस परत आणायला तीसच लागतात.

खोटं वाटतंय? मागच्या मंगळवारी भरदुपारी खालचा घड्याळजी दुकानात कोसळला, डोळ्याला भिंग तसंच. दार सताड उघडं, म्हणून समोरच्या न्हाव्याने पाहिलं आणि बोंब ठोकली. सून त्या दिवशी घरीच होती, ती धावली, मागून मी. हाक मारली, हलवलं. उत्तर नाही, श्वास नाही. न्हाव्याला दवाखान्याची गाडी बोलवायला लावली. मला खाली बसवेना, म्हणून सून दाबत होती आणि मी खुर्चीवरून मोजत होते. ती दमली की न्हावी. ज्या हातांनी ती माझी भांडी आपटते, तेच हात! भिंतीवर पन्नास घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे किती मिनिटं गेली कुणालाच सांगता येईना. हिशेब फक्त माझ्या तीसांचा. गाडी आली, त्यांनी यंत्राने झटका दिला, आणि त्याने श्वास घेतला. नुसता श्वास, रे. आपण दिवसभर घेतो नि त्याचं काही वाटत नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. सून म्हणते, बारा वर्षांत असं प्रथमच झालं.

घड्याळजी आता घरी आहे. दोन बरगड्या मोडल्या म्हणून कुरकुरतो. मी म्हटलं, बरगड्या मोजायला उरलास ना, मग गप बस.

तुझी ताई

ता. क. माझी शाल त्या रबरी माणसापाशीच राहिली. राहू दे.

आणखी ता. क. खरं पत्र इथून पुढे. घड्याळजीचं दार उघडं होतं. तू एकटा, आणि आतून तीन कड्या. भिंतीपलीकडे शिंपी दिवसभर असतो, पण त्याच्या मशीनचा आवाज होतो म्हणून तू सात वर्षं त्याच्याशी बोलत नाहीस. तो पंधरा पावलांवर, मी एका दिवसाच्या वाटेवर. माझे तीस आकडे तुझ्या काय कामाचे? ती कळ उद्याच डॉक्टरला दाखव. कड्या काढून नुसतं बाहेरूनही उघडेल असं कुलूप ठेव, एक किल्ली शिंप्याला दे, आणि दोघं मिळून हे शिकून या. माफी मागायला जीभ वळत नसेल तर नको मागूस, किल्ली तेवढी हातात ठेव.

या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, तू खोटं लिहितोस. किल्ली मिळाल्यावर शिंप्याने लिहावं.