पश्चिमेच्या भिंतीचा पत्रा

दौंड, गुरुवार

प्रिय सीमा,

सप्रेम जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. तू म्हणशील, हातात फोन असताना आप्पांना पत्राचं काय सुचलं? फोनवर मला खोटं फार सहज बोलता येतं, हे गेल्या पाच महिन्यांत माझ्या लक्षात आलंय. कागदावर तेवढं जमत नाही. छत्तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होतो. लिहायचं ते खरंच लिहायचं, ही सवय लागली ती लागलीच.

तर आधी बातमी. पश्चिमेच्या भिंतीचं काम झालं. मंगळवारी विक्रम वेल्डर आला आणि दिवस मावळायच्या आत जुना पत्रा उतरवून नवा बसवून गेला. पाच महिने आपण ज्याच्यावर डोकं लावत होतो, ते एका दिवसात उरकलं. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे, पुढचं वाचल्यावर आणखी येणार आहे.

तुझ्या सासूनं आणि मी हे घर शहाऐंशी साली बांधलं, तेव्हा विटा मातीतच रचल्या होत्या. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर. दोन पावसाळ्यांत ती अशी भिजली की आतून हात लावला तरी ओल लागायची, म्हणून बाहेरून पत्रा मारला. सम्राट लहानपणी त्या पत्र्यावर चेंडू आपटायचा आणि समोरच्या गिताबाई त्याच्या नावानं शिमगा करायच्या. तो पत्रा आता खालून गंजून पापड झाला होता. बदलायलाच हवा होता, तेवढं खरं. खोटं होतं ते पुढचं.

तू पहिल्याच रविवारी शिरूरहून आलीस, नमुने हातात घेतलेस आणि दहा मिनिटांत सांगितलंस की हा राखाडी पत्रा घ्या, जाड आहे, धूळही दिसणार नाही. मलाही तोच पटला होता. पण निघताना चप्पल घालता घालता तू विचारलंस, मग आता पुढच्या रविवारी यायची गरज नाही ना? सहज विचारलंस. शाळेची नोकरी, पोरांच्या तपासायच्या वह्या, दोन गाड्या बदलून यायचं, मला कळत नाही का? पण माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, प्लॅस्टिकचे पॅनल यायचेत, तेही बघून घेऊ.

मग पॅनल आले. ते उन्हात वाकतात म्हणालो. उन्हात ठेवून बघितले कुणी होते? सिमेंटच्या शीटला मी ठिसूळ ठरवलं. दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स तुला आवडल्या, तर म्हणालो, घर हायवेवरच्या हॉटेलासारखं दिसेल, लोक गाड्या थांबवून मिसळ मागतील. तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस! त्या हसण्यावर मी आणखी तीन रविवार काढले. एकदा तर तुला कासुर्डीला घेऊन गेलो, तसाच पत्रा मारलेलं घर दाखवायला. त्या घराचा मालक कोण, हे मलाही माहीत नव्हतं. रस्त्यातूनच बघितलं, उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. शेवटी विक्रम वैतागला. म्हणाला, “आप्पा, तुमी पत्रा बघताय का सून? माझ्या लग्नालाबी एवढं कुणी बघितलं न्हाई!” मी आपला चहा ठेवायला आत गेलो.

रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही, तुला माहीत आहे. पण आज सांगतो. सोमवार ते शनिवार मी बोलतो तो दूधवाल्याशी, गिताबाईंशी आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्याशी. त्याला मी उलट उत्तरं देतो. रविवारी तू गेलीस की तुझा कप मी लगेच विसळत नाही, राहू देतो ओट्यावर. फार एकटं वाटतं गं. तुझी सासू अंजना गेली तेव्हा सम्राट होता, तू होतीस. पाच वर्षांपूर्वी कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून येताना त्याची मोटारसायकल घसरली, आणि मग तूच राहिलीस. महिन्यातून एकदा का होईना, यायचीस. या पत्र्याच्या निमित्तानं दर रविवारी यायला लागलीस, आणि मला चटक लागली.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आपण दोघंही कधी बोललो नाही. त्या पत्र्यावर तुमच्या लग्नात पेंटरनं निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मंगल परिणय, सम्राट आणि सीमा’. सम्राट एका पत्र्यावर आला, सीमा शेजारच्या. उन्हापावसानं बाकीचं गेलं, नावं राहिली. गेली दोन वर्षं तू पुढून, त्या नावांसमोरून, येत नाहीस, बोळातून मागच्या दारानं येतेस. मी मनाशी म्हणायचो, जवळ पडत असेल. मंगळवारी विक्रमनं विचारलं, “आप्पा, ह्ये नावाचं पत्रं ठिवायचं का?” सम्राटचा मी आत घेतला, पलंगामागे उभा करून ठेवलाय. बापाचा तेवढा हक्क आहे. तुझ्या नावाचा बराच वेळ हातात धरून उभा राहिलो, आणि मग विक्रमला सांगितलं, हा भंगारात घेऊन जा. वाईट वाटून घेऊ नकोस. मला फार जड गेलं, पण तुझं नाव असं अडकवून ठेवायचा मला काय अधिकार?

हे सगळं का लिहितोय ते आता सांगतो. डिसेंबरातल्या एका रविवारी तू भांडी घासत होतीस, आणि पाठमोरीच म्हणालीस, “आप्पा, भिंतीचं एकदा होऊ द्या, मग मला तुमच्याशी थोडं बोलायचंय.” काय बोलायचंय ते मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. त्याआधी तुला अंगणात फोनवर बोलताना बघितलं होतं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. लग्नानंतर सम्राट कामावर असला की त्याच्याशी तू अशीच बोलायचीस. म्हणून त्यानंतर तर मी भिंत होऊच दिली नाही. तुला, आणि तिकडे एका भल्या माणसाला, म्हाताऱ्यानं पत्र्याचे नमुने दाखवत ताटकळत ठेवलं. मला माफ कर. त्यांचं नाव मी विचारत नाही, तूच सांगशील. भिंत झाली आहे, सीमा. या रविवारी ये, आणि एकटी येऊ नकोस.

तुझाच,
आप्पा